पितळेच्या गावात आपले स्वागत



पहाटेच्या गाडीने आलेले काही पाहुणे भंडारा रोड स्थानकावर उतरले आणि भंडारा कुठेच दिसेना म्हणून गोंधळले. स्थानक वरठीला आहे, गाव पुढे. परिषदेच्या पत्रिकेत हे छापायचे राहिले, क्षमा असावी. उतरण्याची सोय शाळेच्या वर्गांत आहे. डास आहेत. तलावांचा जिल्हा म्हटला की डास आलेच. मच्छरदाण्या संध्याकाळपर्यंत येतील.

जिल्ह्याची थोरवी सांगायची तर पवनीपासून सुरुवात करावी लागेल. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७०च्या उत्खननात दोन हजार वर्षांहून जुना स्तूप सापडला. पण आज मला पितळेवर बोलायचे आहे, आणि वेळेचे बंधन मी स्वतःच घातले असले तरी थोडे सांभाळून घ्या. तांबे आणि जस्त मुशीत एकजीव करायचे, जुनी मोड वितळवायची, मग ठोक्याला ठोका लावत गुंड, गंज, परात, कोपर घडवायचे. आमच्या कासारांचा हात असा, की ठोक्याच्या आवाजावरून भांडे कुठवर आले ते शेजारच्याला कळे. लेकीच्या आंदणात भंडाऱ्याचा गुंड नसेल तर आमची आजी ते लग्नच मानत नसे. स्टील आले आणि ठोके विरळ झाले. पुढाऱ्यांच्या नावाचे चौक गावात हवे तेवढे आहेत, पण एखाद्या कासाराच्या नावाची साधी गल्ली मला तरी ठाऊक नाही. हे मी नगरपरिषदेचे पदाधिकारी समोर बसलेत म्हणूनच बोलतो आहे.

आता परिषदेचा विषय. आफ्रिकी लोककथा आणि सुरुवातीचे ऱ्हिदम अँड ब्लूज. ऱ्हिदम अँड ब्लूज हे नाव ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत साप्ताहिकाच्या यादीला १९४९ साली मिळाले. त्या काळचे लाडके गायक लुई जॉर्डन सॅक्सोफोन वाजवत, आणि सॅक्सोफोन पितळेचा असतो! तेव्हा परिषद भंडाऱ्यात का, असे कोणी विचारू नये. त्याच काळातले गायक नॅट किंग कोल यांचे वडील धर्मोपदेशक. ते प्रवचनात एक लोककथा सांगत. गिधाड प्राण्यांना पाठीवर बसवून उंच नेते, खाली टाकते आणि खाते. माकड मात्र त्याच्याच मानेला शेपटीचा फास घालून बसते. मुलाने १९४३ साली त्या कथेचे गाणे ध्वनिमुद्रित केले. बलवंताला चकवणारा अशक्त जीव अमेरिकेतल्या आफ्रिकी गुलामांच्या कथांत होता, तसा आमच्या झाडीपट्टीतही आहे. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत रात्रभर दंडार हे लोकनाट्य चालते, तेव्हा मालकाला बनवणारा गडी आला की बायाबापड्या उठून बसतात. बाकीचे विद्वान सांगतीलच.

आभार मानायचे तर तुमसरच्या राइस मिलवाल्यांनी पोती दिली, कासार बंधूंनी समया आणि तांबे दिले (कृपया परत करावेत), महिला बचत गटांनी स्वयंपाक उचलला. ज्यांची नावे राहिली त्यांनी रागावू नये, ती उद्या वाचली जातील. जेवण एक वाजता. चिन्नोरचा भात मोजकाच आहे, म्हणून पहिली पंगत पाहुण्यांची. स्वागत समितीच्या सदस्यांनी वाढायला थांबावे.