शस्त्रवैद्याचें घर आणि आपला धर्मग्राम
(ज्युबिली-समारंभांत झालेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या गत वर्षांचें गुणवर्णन इतर वक्त्यांनीं केलेंच आहे. आम्ही आपलें लक्ष एका घरगुती प्रश्नाकडे वेधूं इच्छितों. मालाडांतील आपले मुलगे व मुली आतां डॉक्टर होत आहेत. त्यांतील कांहींनीं शस्त्रवैद्यकीचा खडतर मार्ग धरिला आहे. अशी मुलगी विवाहास योग्य झाली कीं घरांत कुजबूज सुरू होते, “हिचा संसार कसा चालणार? मुलें कोण वाढविणार?” मुलग्याविषयीं मात्र हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं, हें प्रथमच सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

तथापि प्रश्न खोटा नव्हे. एम्. बी. बी. एस्. ची पदवी व त्यानंतरची इस्पितळांतील उमेदवारी मिळून साडेपांच वर्षें जातात, पुढें एम्. एस्. चीं ३ वर्षें, आणि विशेष शाखा घेतल्यास आणखी ३. अठराव्या वर्षीं आरंभ केलेला विद्यार्थी तिशीच्या उंबरठ्यावर येतो. आणि विवाहाचीं व पाळण्याचीं वर्षें तींच! त्यानंतरही अपघात कांहीं घड्याळ पाहून होत नाहींत. रविवारचें ताट वाढलेलें असतें, इस्पितळांतून दूरध्वनि येतो, आणि बाप किंवा आई तशीच उठून बाहेर पडते. दारांत उभ्या राहिलेल्या बालकास काय सांगावें?

याचें एक उत्तर आपल्याच महाराष्ट्रांत सांपडतें. १९७३ सालच्या डिसेंबरांत डॉ. प्रकाश आमटे हे शस्त्रक्रियेचा पदव्युत्तर अभ्यास सोडून, आजच्या गडचिरोली जिल्ह्यांतील हेमलकसा येथें माडिया लोकांच्या सेवेस गेले. भूलशास्त्र शिकलेल्या त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी त्यांजबरोबर होत्या. तेथें वीज नव्हती, धड रस्ता नव्हता. त्यांचीं मुलें त्याच अरण्यांत वाढलीं; दिगंत व अनिकेत तर १९७६ सालीं निघालेल्या तेथील आश्रमशाळेंत माडिया मुलांच्या पंक्तीस बसून शिकले. आईबाप कोठें जातात व कोणासाठीं जातात, हें त्या मुलांस डोळ्यांनीं दिसत होतें. पुढें दिगंत स्वतः डॉक्टर झाले व दोघेही बंधु त्याच कार्यांत उतरले. २००८ सालीं आमटे पतिपत्नींस मिळून मॅगसेसे पारितोषिक देण्यांत आलें.

आपण कांहीं हेमलकशास जाणार नाहीं. मालाडचा शस्त्रवैद्य लोकलनें दूरच्या इस्पितळांत जातो. मुलास केवळ त्याची पाठ दिसते. म्हणून परत आल्यावर त्यानें मुलास जवळ घेऊन, “आज एका आजोबांना बरें वाटलें,” एवढें तरी सांगावें. मुलास आईबापांची अनुपस्थिति सोसते. ती कशासाठीं, हें न कळणें सोसत नाहीं. आणि ओझें उभयतांनीं वाहावें. पत्नीनें सुरी खालीं ठेवावी व पतीनें हातीं धरावी, हा न्याय नव्हे.

संत जियाना बेरेत्ता मोल्ला ह्या इटलींतील डॉक्टर. शस्त्रवैद्य नव्हेत, मुलांच्या डॉक्टर. १९५० सालीं त्यांनीं मेसेरो गांवीं दवाखाना काढिला, व पुढें घरीं तीन लहान मुलें असतांही आपली वैद्यकी सोडिली नाहीं. १९६२ सालीं चौथ्या बालकाच्या जन्मानंतर त्यांचा अंत झाला. १६ मे २००४ रोजीं त्यांस संतपद मिळालें. त्यांचें मरण सर्वांस स्मरतें. त्यांचे नित्याचे कामाचे दिवसही स्मरावे, अशी आमची विनंति आहे.

आतां आपल्याविषयीं दोन शब्द. जुन्या मालाडांत आई शेतावर किंवा बाजारास जाई, तेव्हां मूल आजीपाशीं नाहींतर शेजारणीपाशीं असे. त्यास कोणी उणें लेखीत नसे. आज दारें बंद झालीं आहेत. २०१७ च्या सुधारणेनें नोकरींतील मातेस पहिल्या दोन अपत्यांसाठीं २६ आठवड्यांची रजा व ५० किंवा अधिक माणसें असलेल्या संस्थेंत पाळणाघर, अशी तरतूद झाली. ती स्वागतार्हच आहे. परंतु कायदा मध्यरात्रीं दार उघडीत नाहीं. तें शेजाऱ्यानेंच उघडावें लागतें.

बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्ममाता व धर्मपिता यांस विचारतात कीं, या बालकाच्या आईबापांस त्यांच्या कर्तव्यांत साह्य करण्यास तुम्ही सिद्ध आहां काय? आपण “आहों” म्हणतों, मेजवानी जेवतों, आणि नाताळास एखादी भेटवस्तु धाडितों. तें उत्तर खरें करण्याची वेळ म्हणजे इस्पितळांतून येणारा तो मध्यरात्रींचा दूरध्वनि होय. ज्यांचीं धर्मलेंकरें डॉक्टरांच्या घरीं आहेत, त्यांनीं आजच त्या घरीं जाऊन सांगावें, “रात्रीं केव्हांही हांक मारा, मूल आमच्याकडे निजेल.” ही ज्युबिलीची खरी देणगी होईल.

परमेश्वर आपणां सर्वांस ती देण्याची बुद्धि देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.