परदेशचे शिक्षण आणि घरचा सातबारा
(रात्रीच्या साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



गेल्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर एक ताई मागे थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, पोरगी राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकतीय. तिथले सर म्हणतात, पुढचं शिक्षण परदेशात घे. आमच्यासारख्यांनी हे मनात तरी आणावं का?"

मी त्यांना म्हटले, "पुढच्या वर्गात सांगतो." तेच आज सांगणार आहे. माझे उत्तर थोडक्यात असे, की मनात जरूर आणावे. पण पैसा कुठून येतो आणि कोणत्या अटीवर येतो, हे वाचल्याशिवाय एकाही कागदावर सही करू नये.

गरिबाचे मूल परदेशी शिकायला जाणे ही आजची गोष्ट नाही. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. वडील त्याच वर्षी वारले होते. घरी पैसा नव्हता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. त्यातूनच राहायचे, जेवायचे, पुस्तके घ्यायची, आणि घरीही पाठवायचे. पण ती फुकट नव्हती बरं का. शिकून आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानात नोकरी करीन, असा करार त्यांनी लिहून दिला होता.

पुढे ते लंडनला गेले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. मग त्यांनी काय केले? मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे मागे टाकले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना नावाच्या मित्राने कर्ज दिले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि राहिलेला अभ्यास पुरा केला.

आता मोजा. एक शिष्यवृत्ती, दोन स्वतःची बचत, तीन मदत, चार कर्ज. बाबासाहेबांसारख्या माणसालाही एका थैलीवर भागले नाही. चार थैल्या जोडाव्या लागल्या. आपल्यालाही तेच करायचे आहे.

पहिली थैली शिष्यवृत्तीची. ज्या दोन राजांनी बाबासाहेबांना हात दिला, त्यांच्याच नावाने आज महाराष्ट्रात शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मराठा व कुणबी मुलांसाठी 'सारथी' संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. आदिवासी, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठीही वेगळ्या योजना आहेत. निवड झाली, तर फी, राहण्याखाण्याचा खर्च आणि विमानाचे भाडे यांची सोय होते. पण जागा थोड्या असतात. शाहू महाराज शिष्यवृत्तीला साऱ्या राज्यातून वर्षाला ७५ मुले घेतात. विद्यापीठ कोणते चालेल, वय किती, उत्पन्न किती, हे सगळे जाहिरातीत छापलेले असते. ती जाहिरात वाचा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आधीच काढून ठेवा. जाहिरात निघाल्यावर तहसीलला धावाधाव करणाराची मुदत टळते.

जमशेटजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेला एक निधीही आहे. तो परदेशी शिकणाऱ्यांना पैसे देतो, पण कर्जाऊ देतो. म्हणजे ते फेडायचे असतात.

दुसरी थैली डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे देशाची निवड. सगळ्या देशांत फी सारखी नसते. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फी नाही. बाडेन-वुर्टेंबर्ग या एका प्रांतात मात्र २०१७ पासून आपल्याकडच्या मुलांना सहा महिन्यांना दीड हजार युरो पडतात. फी नाही म्हणजे खर्च नाही, असेही समजू नका. तिथे जाण्याआधी वर्षाच्या खर्चाची रक्कम एका बंद खात्यात भरून दाखवावी लागते. २०२४ साली ती ११,९०४ युरो ठरली. युरोला शंभर रुपये धरले, तर बारा लाखांच्या आसपास झाले. हे पैसे आपलेच असतात. तिथे गेल्यावर दरमहा थोडे थोडे मिळतात.

तिसरी थैली कर्जाची. बँकेचे शैक्षणिक कर्ज सहसा शिक्षण संपल्यावर वर्षभराने फेडायला लागते. लोक एवढेच ऐकतात आणि खूश होतात. पण व्याज पैसे उचलल्या दिवसापासून चढते. हिशेब करू. समजा २० लाख कर्ज, व्याज दहा टक्के. वर्षाचे व्याज दोन लाख. दोन वर्षे शिक्षण, एक वर्ष सवलत. सगळी रक्कम पहिल्याच दिवशी उचलली, तर हप्ता सुरू होण्याआधीच सहा लाख व्याज झाले. पोरगी तिथे शिकता शिकता काम करील म्हणाल, तर त्यालाही मर्यादा आहे. इंग्लंडात शिकवणीच्या दिवसांत आठवड्याला वीस तासच काम करता येते. त्यातून फार तर जेवणखाण निघेल. कर्ज फिटणार नाही.

आता चौथी थैली. ही घरच्या बचतीची. आणि इथेच माणूस घसरतो, कारण बचत नसली की सातबारा पुढे येतो. याबाबत माझी एक चूक सांगतो. सांगायला जड जाते, पण तुमच्या उपयोगी पडेल.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका शेजाऱ्याला पोराला परदेशी धाडायचे होते. बँकेत तारणाला शेतजमीन चालेना. विमानाची तारीख जवळ आली. तेव्हा एक जण म्हणाला, "मी देतो पैसे. गहाणखत करू. पैसे फेडले की जमीन तुमची." शेजारी निरक्षर. साक्षीला मला नेले. गुरुजी बरोबर आहेत, म्हणून तो निर्धास्त होता. कचेरीत गर्दी होती. कागद बरीच पाने होता. इतक्या लोकांत वाचत बसलो, तर विश्वास नाही असे दिसेल, म्हणून मला संकोच वाटला. त्याने अंगठा दिला. मी सही केली.

कागदाच्या माथ्यावर शब्द होता 'खरेदीखत'.

पोरगा शिकला. नोकरीला लागला. त्याने पैसेही धाडले. पण दोन एकर बागायत परत आली नाही. बिनपरवाना सावकारी हा गुन्हा आहे. त्याची तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. तशी केली आहे, आणि तारखा पडताहेत. पण त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. साऱ्या आयुष्यभर मी पोरांना वाचायला शिकवले, आणि ज्या दिवशी वाचायला पाहिजे होते, त्या दिवशी वाचले नाही.

म्हणून मंडळी, वाचता न येणे ही अडचण आहे. पण येत असून लाजेने न वाचणे ही त्याहून मोठी अडचण आहे. कोणी घाई केली, तर सांगा, "कागद घरी नेतो, उद्या सही करतो." भला माणूस थांबतो. जो थांबत नाही, त्याचा कागद दोनदा वाचा.

ताई, तुमच्या लेकीने जरूर जावे. शिष्यवृत्तीचा अर्ज आधी करा. मग कमी खर्चाचा देश बघा. उरेल तेवढ्यापुरते बँकेचे कर्ज घ्या. जमीन सर्वांत शेवटी, आणि खरेदीखत करून तर कधीच नाही.

आज घरी जाऊन सर्वांनी एवढे करा. फळ्यावर मी दोन शब्द लिहितो, 'गहाणखत' आणि 'खरेदीखत'. दोन्ही पाच पाच वेळा लिहून आणा. आणि पेटीतला आपला सातबारा काढून त्यावरचे नाव स्वतः वाचा.