केरात जाणारी लिंबोळी



जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला, गुलाबाच्या कळ्यांना मावा लागला, ही कुंड्यांतून बाग करणाऱ्यांची नित्याची तक्रार. यावर घरगुती औषध आहे काय? आहे, आणि आपण ते दरसाल केरात लोटतो. चैत्रात मोहरलेल्या कडुलिंबाखाली पावसाच्या तोंडाशी लिंबोळ्यांचा सडा पडतो, तेच हे औषध.

लिंबोळ्यांचा गर धुऊन बिया सावलीत वाळवाव्या. आतल्या मगजाची 50 ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी. सकाळी फडक्यातून गाळून त्यात चिमूटभर साबण मिसळावा आणि त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूसही फवारावे. उन्हाने याचा गुण जातो. आठ-दहा दिवसांनी फवारणी पुन्हा करावी.

दुसऱ्या दिवशी किडे तसेच दिसतात आणि माणसे म्हणतात, 'गुण नाही!' येथेच गैरसमज होतो. 1962 साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान यांनी टोळधाडीच्या वेळी पिकांवर हे पाणी फवारले. टोळ बसले, पण त्यांनी पीक खाल्ले नाही. लिंबोळीतील ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य पुढे 1968 साली वेगळे करण्यात आले. ते किडीची भूक मोडते आणि तिला कात टाकू देत नाही. म्हणून येथे धीर हवा.

मात्र घरगुती म्हणजे निरुपद्रवी, असे समजू नये. तंबाखूचा काढाही घरगुतीच. पण त्यातील निकोटीन कातडीतूनही अंगात भिनणारे जहाल विष आहे. मुलाबाळांच्या घरी तो नकोच.

कडुलिंबाच्या तेलाने झाडांवरील बुरशी आवरण्याच्या पद्धतीवर अमेरिकेचे कृषिखाते व एक कंपनी यांना 1994 साली युरोपात पेटंट मिळाले होते. ही विद्या नवी नव्हे, म्हणून 2000 साली ते रद्द झाले. 2005 साली अपीलही फेटाळले गेले. कायद्याने आपली बाजू राखली खरी. परंतु जी विद्या आपण वापरीत नाही, ती आपली कशी म्हणावी?

तेव्हा येत्या पावसाळ्यात चार मुठी लिंबोळ्या वेचून ठेवा. फवारण्यापूर्वी पान उलटून पाहा. ठिपक्याठिपक्यांचा चित्रांग भुंगेरा मावा खाताना दिसला, तर हात आवरा. तुमचे काम तोच करीत आहे.