‘दुखत नाही’ म्हणजे बरं आहे?

मागच्या काही भागांत आपण दुखण्याबद्दल बोललो. आजचा विषय उलटा आहे. आज बोलायचंय न दुखण्याबद्दल.

दवाखान्यात सगळा कारभार तक्रारीवर चालतो. पेशंट म्हणतो, "सिस्टर, इथं दुखतंय," मग सिस्टर येते, बघते, डॉक्टरांना सांगते. पण ज्या पेशंटला कळतच नाही की आपल्याला लागलंय, तो बेल वाजवणार कधी? पाय बधीर झालेला डायबेटिसचा पेशंट, अर्धांगवायूनं एक बाजू गेलेले आजोबा, मणक्याला मार बसलेला तरुण. ही माणसं शांत पडून असतात. वॉर्डात सगळ्यात जास्त लक्ष द्यावं लागतं ते यांच्याकडं.

नर्सिंगमध्ये एक तक्ता वापरतात, ब्रेडन स्केल. 1987 मध्ये बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोन अमेरिकन नर्सनी तो जगापुढं आणला. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला पाठीवर, टाचेवर जखमा होण्याचा धोका किती, हे त्यात सहा मुद्द्यांवरून मोजतात. पहिलाच मुद्दा संवेदनेचा. दाब पडतोय हे पेशंटला कळतंय का, आणि कळलं तर सांगता येतंय का? त्याला 1 ते 4 गुण. 1 म्हणजे जवळपास काहीच कळत नाही.

तुम्ही-आम्ही झोपेतसुद्धा कूस बदलतो. का? एका जागी दाब पडला की शरीर आतून ढोसतं. हा ढोसणारा गेला की माणूस एकाच कुशीवर तासन् तास पडून राहतो. तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि कातडी मरते. म्हणून सिस्टर दर दोन तासांनी कूस बदलते, टाचा उचलून बघते, चादरीची सुरकुतीसुद्धा काढते. पेशंटला जे जाणवत नाही, ते त्याच्या वतीनं ती बघत असते.

आता कोल्हापूरचं बोलू. शेंडा पार्क म्हटलं की आपल्या घरातल्या जुन्या माणसांना कुष्ठरुग्णांची वसाहत आठवते. कुष्ठरोगात बोटं आपोआप सडून झडतात, असं लोक पिढ्यान् पिढ्या मानत आले. डॉ. पॉल ब्रँड 1946 मध्ये तमिळनाडूत वेल्लोरला आले आणि त्यांनी बारकाईनं बघितलं. रोगानं नसा मरतात, वेदना जाते. मग माणूस गरम भांडं तसंच धरतो, पायात खिळा घेऊन तसाच चालतो. बोटं जातात ती या रोजच्या इजांमुळं, आणि त्यात होणाऱ्या जंतुसंसर्गामुळं. म्हणजे दुखणं हा आपला राखणदार आहे.

आज हाच राखणदार डायबेटिसमुळं घराघरात गायब होतोय. 2023 मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आहे. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा खराब होतात. सुरुवात कशी होते? पायाला मुंग्या येतात, तळव्यांची आग होते. मग "गादीवर चालल्यागत वाटतंय" असं आजी म्हणते. आणि एक खूण आपल्या कोल्हापुरी घरात पटकन ओळखू येते: चालताना चप्पल पायातून निसटते आणि माणसाला पत्ताच नसतो!

घरी एक साधी तपासणी करता येते. इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी ती शोधली. आजोबांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा टोकांना तुमच्या बोटाच्या टोकानं एक-दोन सेकंद हलकं टेकवा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, घासायचं नाही. स्पर्श कळला की त्यांनी "उजवा" किंवा "डावा" सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर डॉक्टरांना पाय दाखवा. सीपीआरला जा, नाहीतर जवळच्या आरोग्य केंद्रात जा, पण जा.

आता सिस्टर ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतात, त्या लिहून घ्या.

पाय रोज बघायचे. तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या. पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या करायच्या. तेल किंवा क्रीम तळव्याला लावा, बेचकीत नको. पाणी किती गरम आहे ते बधीर पायानं बघायचं नाही, कोपरानं बघायचं, आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी केलं तर उत्तम. गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक एकदम बंद. भोवरी ब्लेडनं कापायची नाही. चप्पल-बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा आहे का बघायचं.

आणि हो, आपली कोल्हापुरी. 2019 मध्ये तिला जीआय मिळाला, अभिमान आहेच. पण नवी कडक कोल्हापुरी बधीर पायासाठी नाही. अंगठ्यापाशी घासते, आणि चावली तरी कळत नाही. अशा पायाला मऊ तळ आणि मागं पट्टा असलेली चप्पल लागते. शेतात उसाची धसकटं असतात, तिथं अनवाणी जाणं नको. चैत्रात जोतिबाला जाताना तापलेल्या फरशीवर पाय भाजतात, आणि फोड दिसतो दुसऱ्या दिवशी. सकाळी लवकर दर्शन घ्या, जाड सुती मोजे घाला. देव रागावणार नाही.

तुम्ही पुण्या-मुंबईला असाल तर? व्हिडिओ कॉलवर आपण विचारतो, "जेवलीस का? गोळी घेतलीस का?" त्यात एक वाक्य वाढवा: "आजी, जरा तळपाय दाखव." आठवड्यातून एकदा दोन्ही तळव्यांचा फोटो मागवा आणि मागच्या फोटोशी ताडून बघा. लाली, फोड, काळपट डाग, पाणी, वास, सूज यातलं काहीही दिसलं तर "दुखत नाही गं, राहू दे" हे उत्तर चालवून घ्यायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना. दुखत नाही म्हणूनच जायचं. छोट्या फोडापासून पाय कापण्यापर्यंतचा रस्ता बऱ्याचदा याच एका वाक्यानं सुरू होतो.

हा भाग ऐकून झाला की घरी एक फोन लावा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!