एका कुटुंबाचे बिल

(वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या संस्थेच्या बाकावर बसून मी अक्षरे गिरविली, तिनेच आज मला चार शब्द बोलण्यासाठी बोलाविले, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

आमच्या शेजारची खाला मला नेहमी विचारते, "बेटी, तू नेमके काम तरी काय करतेस?" अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या बिलांचे काम करते, असे सांगितले की ती म्हणते, "म्हणजे मुनीमगिरीच की!" आज मी त्या मुनीमगिरीविषयीच बोलणार आहे. या कामाला मेडिकल कोडिंग म्हणतात.

अमेरिकेत रुग्णाच्या प्रत्येक तपासणीला व उपचाराला एक पाच अंकी क्रमांक असतो. त्या क्रमांकांचे सीपीटी नावाचे पुस्तक तेथील अमेरिकन मेडिकल असोसिएशन १९६६ पासून प्रसिद्ध करीत आहे. रोगांचे व लक्षणांचे क्रमांक वेगळे. त्यांची आयसीडी-१०-सीएम ही यादी तेथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. पहिला क्रमांक सांगतो 'काय केले', दुसरा सांगतो 'का केले'. दोहोंचा मेळ बसला तरच विमा कंपनी पैसे देते. डॉक्टरांची टिपणे वाचून ती या क्रमांकांत मांडणे हे कोडरचे काम होय. चेन्नई, हैदराबाद, पुणे, मुंबई अशा शहरांत बसून आपली कितीतरी मुले-मुली हे काम करीत आहेत.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, तीन वर्षांचे एक मूल आहे. ते उशिरा बसू लागले, बोलत नाही, अधूनमधून आकडी येते. नेहमीच्या तपासण्यांत काही सापडले नाही. तेव्हा डॉक्टर एक्झोमची तपासणी सांगतात. आपल्या शरीरात सुमारे वीस हजार जनुके आहेत. त्यांतील प्रथिने घडविणारा भाग म्हणजे एक्झोम. तो संपूर्ण डीएनएच्या अवघा एक ते दोन टक्के असतो, पण माहीत असलेल्या आनुवंशिक रोगांतील बहुतेक दोष त्यातच सापडतात.

अडचण अशी की, प्रत्येक माणसात हजारो बारीक फरक असतात. त्यांतला रोगाचा कोणता, हे एकट्या मुलाकडे पाहून ठरविणे कठीण. म्हणून आईचा व वडिलांचाही नमुना घेऊन तिघांची तुलना करतात. जो फरक निरोगी आईत किंवा वडिलांत आहे, तो बहुधा एकटा दोषी नसतो. जो दोघांतही नाही, तो मुलात नव्याने उपजलेला. आणि एकाच जनुकातला एक दोष आईकडून व दुसरा वडिलांकडून आला असेल, तर तेही तुलनेतूनच कळते.

नमुने तीन, पण रुग्ण एकच, ही गोष्ट बिलात नीट उतरली पाहिजे. त्यासाठी १ जानेवारी २०१५ पासून वेगळे क्रमांक आहेत. मुलाच्या एक्झोमसाठी ८१४१५, एकदाच. तुलनेसाठी घेतलेल्या प्रत्येक नातलगासाठी ८१४१६. आईवडील दोघे असतील तर तो दोनदा, एकच असेल तर एकदा. हा जोडक्रमांक आहे, म्हणजे ८१४१५ शिवाय तो एकटा लिहिता येत नाही. साधारणपणे तो मुलाच्याच दाव्यात जातो, आईवडिलांच्या नावे वेगळे बिल होत नाही. कोणी नवशिक्याने तिघांसाठी तीन वेळा ८१४१५ लिहिला, तर कागदावर तीन रुग्ण उभे राहतात, दावा नामंजूर होतो आणि एके दिवशी त्या घराच्या दारात हजारो डॉलरचे बिल येऊन पडते.

ही चूक फक्त इतरांच्याच हातून होते असे समजू नका. माझ्या पहिल्या वर्षी एका फाइलमध्ये डॉक्टरांनी आईवडील दोघांचे नमुने घ्यावेत असे लिहिले होते. ते वाचून मी ८१४१६ दोनदा लिहिला. आमच्या वरिष्ठ बाईंनी फाइल परत पाठविली. त्यांनी एवढेच विचारले, "वडिलांचा नमुना कुठे आहे?" मी प्रयोगशाळेचा कागद पुन्हा वाचला. वडील त्या कुटुंबापासून दूर गेले होते, त्यांचा नमुना आलाच नव्हता. न झालेल्या कामाचे पैसे मी मागितले होते! सरकारी योजनेकडून जाणूनबुजून असे खोटे पैसे मागणाऱ्यावर तेथे १८६३ च्या कायद्याने नुकसानीच्या तिपटीपर्यंत वसुली होऊ शकते. माझी ती गफलत होती, लबाडी नव्हती. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. सांगितलेले काम आणि झालेले काम यांतला फरक मी त्या दिवशी शिकले.

दुसरा धडा संशयाचा. डॉक्टर लिहितात, "अमुक रोग असावा." बाह्यरुग्णाच्या बिलात कोडरने तो रोग लिहायचा नसतो. आकडी, विकासातील विलंब अशी जी लक्षणे नक्की आहेत, तीच लिहायची. संशयाला निदान म्हणून नोंदविले, तर ते नाव त्या मुलाच्या कागदपत्रांत राहून जाते.

तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे, पण आपसांत बोललीच पाहिजे. आयसीडीच्या यादीत झेड ८४.३ असा एक क्रमांक आहे. त्याचा अर्थ, कुटुंबात रक्ताच्या नात्यातील विवाह झाल्याचा इतिहास. चुलत, मामे, आते, मावस भावंडांची लग्ने आपल्यात होतात. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल महाराष्ट्रातील इतर समाजांतही आहे. अशा भावंडांच्या जनुकांचा सरासरी आठवा भाग सारखा असतो. त्यामुळे दोघांत एकच लपलेला दोष असण्याचा संभव वाढतो. तसा तो दोघांत असला, तर प्रत्येक गर्भाच्या वेळी मूल आजारी होण्याची शक्यता चारांत एक असते. याचा अर्थ अशा घरातले प्रत्येक मूल आजारी होते असा मुळीच नाही, आणि हा क्रमांक कोणावर ठेवलेला ठपकाही नाही. ती डॉक्टरांना उपयोगी पडणारी एक माहिती आहे. म्हणून पालकांना माझी विनंती आहे की, डॉक्टरांनी नाते विचारले तर लाजून लपवू नका. आणि मूल आजारी निघाले तर सुनेला बोल लावू नका. तशा रोगात दोष दोन्हीकडून आलेला असतो.

ज्ञान वाढते तशी जुनी तपासणीही पुन्हा वाचता येते. आज उत्तर न मिळालेल्या मुलाची तीच माहिती दोन वर्षांनी नव्याने तपासली, तर त्यासाठी ८१४१७ हा क्रमांक आहे. नवे रक्त काढावे लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, या कामाला डॉक्टर व्हावे लागत नाही. जीवशास्त्र, औषधनिर्माण, परिचर्या, युनानी किंवा होमिओपॅथी शिकलेली मुले यात येतात. सीपीसी नावाच्या परीक्षेत शंभर प्रश्न व चार तास असतात. कोडांची पुस्तके उघडी ठेवून ती द्यायची असते. म्हणजे पाठांतरापेक्षा वाचन समजणे महत्त्वाचे. शरीरशास्त्र पक्के करा, इंग्रजी टिपणे न कंटाळता शेवटपर्यंत वाचण्याची सवय लावा. मात्र "हमखास नोकरी" म्हणून भरमसाट फी घेणाऱ्या क्लासला पैसे देण्यापूर्वी तेथून शिकून गेलेल्या चार जणांना भेटा. सोपे क्रमांक आता संगणकच सुचवितो. पण वडिलांचा नमुना खरोखर आला होता की नाही, हे शेवटी माणसालाच पाहावे लागते.

ज्या कुटुंबाला आपण कधी पाहणार नाही, त्याच्या दुःखाचा हिशेब आपल्या हाती आलेला असतो. ती एक अमानत आहे. खालाला मी आता सांगते, "होय खाला, मुनीमगिरीच आहे. पण चुकली तर कोणाचे घर बसते."