बहिणीची सही

न्यायालयाचा निकाल ही गोष्ट सामान्य गृहस्थाला फार दूरची वाटते. नागपुरात तर ती जागेनेही दूर आहे. उच्च न्यायालयाची घुमटाची भव्य इमारत सिव्हिल लाइन्समध्ये. जुन्या घराण्यांचे वाडे महालात आणि इतवारीत. मध्ये सीताबर्डीचा बाजार आणि रेल्वेचे रूळ. १९३६ च्या जानेवारीत नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय मिळाले, १९४० च्या जानेवारीत व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या हस्ते या इमारतीचे उद्घाटन झाले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर तेथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले. महालातील कित्येक माणसांचे सबंध आयुष्य त्या इमारतीची पायरी न चढता गेले असेल, आणि त्यात त्यांनी धन्यताच मानली असेल. तथापि निकाल घरात शिरावयाला घरच्या माणसाने कोर्टात गेलेच पाहिजे असे नाही. तो वर्तमानपत्राच्या चार ओळींतून येतो, शेजारच्या वकिलाच्या तोंडून येतो आणि पुष्कळदा दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील बाकावर, सही करावयाच्या कागदाच्या रूपाने येतो.

त्या कागदाचे नाव हक्कसोडपत्र. वडील वारतात, दिवसकार्य आटोपते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी बहिणींना निरोप जातो की, वाड्याच्या आखीव पत्रिकेवर नावे चढवावयाची आहेत, एकदा येऊन सही करून जा. बहीण येते. भाऊ तिला साडी घेतो, वहिनी पुरणपोळी करते, आणि सही होते. यात कोणी कोणाला फसविले असे नेहमीच नसते. परंतु आपण काय सोडले हे त्या बहिणीला आणि आपण काय घेतले हे त्या भावाला बहुधा ठाऊक नसते. गेल्या काही वर्षांतील न्यायालयांच्या निर्णयांनी जे बदलले आहे, ते नेमके हे ‘काय’ बदलले आहे.

हिशेबावाचून ही गोष्ट ध्यानात यावयाची नाही. उदाहरणासाठी एक घर मनात धरावे. वडिलोपार्जित, अविभक्त वाडा. दोन मुलगे, दोन मुली. थोरलीचे लग्न १९८८ साली झाले, धाकटीचे १९९६ साली. आई आधीच गेलेली. वडील २००१ साली वारले, आणि वाटणी झालेली नाही. वाड्याची किंमत एक रुपया धरू, आणि रुपया तो जुना, सोळा आण्यांचा व आण्याला बारा पै असलेला. वाटणीच्या गणिताला तोच सोयीचा पडतो.

१७ जून १९५६ रोजी हिंदू वारसा कायदा अमलात आला. त्याने मुलीला वारस केले खरे, परंतु वडिलोपार्जित मिळकतीतील सहदायाद, म्हणजे जन्मतःच मालक, मुलगेच राहिले. म्हणून वडील मृत्यूपूर्वी मुलांपासून वाटून निघाले असे कल्पावयाचे: वडिलांचा एक तृतीयांश, दोन मुलांचा एकेक तृतीयांश. मग वडिलांच्या त्या तिसऱ्या भागाचे चार वाटे. या रीतीने प्रत्येक मुलाच्या पदरात सहा आणे आठ पै येतात आणि प्रत्येक मुलीच्या पदरात एक आणा चार पै. कायद्याच्या पुस्तकात ‘मुलगा व मुलगी यांना समान’ असे शब्द होतेच. ते समानत्व वडिलांच्या तुकड्यापुरते होते. शिवाय त्याच कायद्याच्या तेविसाव्या कलमाने असे ठरविले होते की, घरची माणसे राहात असलेल्या वाड्याची वाटणी मुलीने मागावयाची नाही. भाऊ वाटून घेतील तेव्हाच तिला तिचा वाटा मिळावयाचा. अविवाहित, विधवा किंवा पतीने टाकलेली असेल तर तिने तेथे राहावे, एवढीच मुभा. भाऊ एकत्र राहिले तर एक आणा चार पै कागदावरच राहात.

पुढे २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने आपली दुरुस्ती अमलात आणली. आंध्र व तामिळनाडू ही राज्ये त्या वाटेने आधीच गेली होती. मुलगीही जन्मतः सहदायाद ठरली; परंतु त्या तारखेपूर्वी जिचे लग्न झाले ती वगळून. आता वरच्या घरात काय होते ते पाहावे. धाकटी १९९४ साली अविवाहित होती, म्हणून ती आत. थोरली सहा वर्षांपूर्वी सासरी गेलेली, म्हणून ती बाहेर. सहदायाद चार: वडील, दोन मुलगे आणि धाकटी. प्रत्येकाचे चार आणे. वडिलांच्या चार आण्यांचे पुन्हा चार वाटे, एकेक आण्याचे. म्हणजे दोन्ही भावांना व धाकट्या बहिणीला पाच-पाच आणे आणि थोरलीला एक आणा! स्त्रियांच्या भल्यासाठी झालेल्या कायद्याने थोरलीचे चार पै उलट कमीच झाले. एका आईच्या दोन मुलींत हे अंतर कशाने पडले? लग्नाच्या मुहूर्ताने. पंचांगकर्त्यांच्याही मनात मुहूर्ताचे हे फळ कधी आले नसेल.

मध्यवर्ती कायद्यात दुरुस्ती झाली ती ९ सप्टेंबर २००५ रोजी. विवाहित असो, अविवाहित असो, मुलगी मुलाइतकीच जन्मतः सहदायाद. देणे-कर्जाची जबाबदारीही मुलाइतकीच. आणि वाड्याच्या वाटणीला आड येणारे तेविसावे कलम रद्द. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र मोडावयाच्या नाहीत. शब्द इतके सरळ होते की वाद मिटला असे वाटावे. परंतु लगेच प्रश्न निघाला: ज्यांचे वडील त्या दिवसापूर्वीच वारले, त्या मुलींचे काय? सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सांगितले की, त्या दिवशी वडील आणि मुलगी दोघेही हयात पाहिजेत. थोरलीचे वडील २००१ साली गेलेले; तिचे दार बंद. १ फेब्रुवारी २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या निर्णयात २००१ साली वारलेल्या वडिलांच्या मुलींना भावांइतका हिस्सा मिळाला, दार किलकिले. दोन्ही निर्णय दोन-दोन न्यायमूर्तींचे, म्हणून तोलाने सारखे, आणि खालच्या कोर्टांनी कोणता मानावा याचा उलगडा होईना. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी न्यायमूर्ती अरुण मिश्रा, अब्दुल नझीर व एम. आर. शहा या तिघांनी निर्णय दिला की, हक्क जन्माने मिळतो, म्हणून वडील २००५ साली हयात होते की नव्हते हा प्रश्नच उद्भवत नाही. वडिलांच्या मृत्यूच्या वेळी कल्पिलेली वाटणी ही खरी वाटणी नव्हे. आणि तोंडी वाटणी झाली होती, असे भावांनी नंतर सांगितल्याने भागणार नाही. तिला सरकारी दप्तराचा भक्कम पुरावा पाहिजे. अशा रीतीने आपल्या घरातील चौघांना चार-चार आणे झाले.

थोरलीने २०१६ साली वकिलाकडे जाऊन विचारले असते तर ‘नाही’ असे उत्तर मिळाले असते, आणि २०२० च्या दिवाळीत विचारले असते तर ‘होय’. दोन्ही वेळी वकील प्रामाणिकच. मधल्या काळात ज्या बहिणींचे दावे शेवटच्या पायरीपर्यंत जाऊन फेटाळले गेले, त्यांचे निकाल कायम राहिले. ज्यांचे दावे रेंगाळले, त्यांना हिस्सा मिळाला. न्यायास होणारा विलंब हा अन्याय होय असे सारेच म्हणतात. येथे विलंबानेच काहींचे कल्याण केले. कायद्याला तारखा लागतातच, त्यावाचून कोणताही नियम लागू करता येत नाही, हे मान्य. तरी मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ च्या नोव्हेंबरात दिलेला निर्णयही येथे आठवतो: वडील १९५६ पूर्वी वारले असतील आणि मागे विधवा राहिली असेल, तर मुलीला त्या मिळकतीत वारसा नाही. सत्तर वर्षांपूर्वीच्या मृत्यूची तारीख आज नातवंडांच्या घराच्या भिंती ठरविते.

नागपूरला ही गुंतागुंत नवी नाही. भोसल्यांच्या राज्यात कोकणातून व देशावरून आलेली घराणी आपल्याबरोबर आपला धर्मशास्त्रीय संप्रदायही घेऊन आली, आणि कुटुंब स्थलांतर करिते तेव्हा त्याचा कायदा त्याच्याबरोबर जातो, हे तत्त्व इंग्रजी अमलात न्यायालयांनी मानले होते. मुंबईच्या संप्रदायात मिताक्षरेच्या जोडीला नीलकंठभट्टांचा व्यवहारमयूख; त्याप्रमाणे विभक्त पुरुषाला पुत्र व पत्नी नसता त्याची मुलगी वारस झाली तर ती पूर्ण मालकीण होई. बनारस संप्रदायात तिला केवळ हयातीपुरता उपभोग. त्यामुळे एकाच गल्लीत, भिंतीला भिंत लागून असलेल्या मराठी व हिंदी भाषिक घरांत मुलीच्या हक्काची मोजमापे निराळी असू शकत. डॉ. गोपाळ विनायक देशमुख यांच्या प्रयत्नाने १९३७ साली झालेल्या कायद्यात विधवेला हिस्सा मिळाला. मुलीचे नाव मूळ विधेयकात असूनही कायदा होताना गळले. १९४५ साली सर बेनेगल राव यांची हिंदू कायदा समिती देशभर साक्षी घेत फिरली, तेव्हा ती नागपुरासही आली होती. त्या समितीने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा सुचविला, डॉ. आंबेडकरांच्या विधेयकात तो बरोबरीचा झाला. आणि ते विधेयक रखडले म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे तुकड्यांनी जे मंजूर झाले त्यात १९५६ चा वारसा कायदा होता. तो अमलात आल्यावर चार महिन्यांच्या आत, १४ ऑक्टोबरला, नागपुरातच त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. हा कायदा बौद्धांनाही लागू असल्याचे त्याच्या दुसऱ्याच कलमात लिहिलेले आहे. धर्म बदलला तरी त्या घरांतील मुलींचा वारसा तसाच राहिला.

आता भावांची बाजू. ती ऐकून न घेता सोडणे योग्य नव्हे. भाऊ म्हणतो, आईबापांची दुखणी मी काढली, कर मी भरला, कौले मी शाकारली. बहिणीच्या लग्नात काय थोडे खर्चले? पैकी पहिल्या गोष्टींना वजन आहे, आणि मिळकतीवरचे खरे देणे वाटणीत बहिणीच्याही हिश्शावर पडतेच. लग्नखर्चाचा मुद्दा मात्र लंगडा आहे. जे मांडवात उडाले आणि जे हुंडा म्हणून व्याह्याच्या घरी गेले, त्यापैकी बहिणीच्या हाती काय उरले? हुंडा तर १९६१ च्या कायद्याने मुळातच निषिद्ध ठरविला आहे. निषिद्ध देणे देऊन त्याची वळती हिश्शातून करावयाची, हे कोणत्याही वहीत बसणारे नाही. आणखी एक गंमत अशी की, नणंद हिस्सा मागावयाला आली म्हणून जी वहिनी कपाळाला आठ्या घालते, तिचाही एक वाडा कोठे तरी असतो. वर्ध्याला असेल, अमरावतीला असेल. आणि तेथे तिची सही झालेली असते किंवा व्हावयाची असते.

बाप हयात असताना मृत्युपत्र करून आपल्या स्वकष्टाची मिळकत आणि वडिलोपार्जित मिळकतीतील स्वतःचा हिस्सा वाटेल त्याला देऊ शकतो. ही मोकळीक २००५ नंतरही तशीच आहे, आणि मुलीला वगळावयाचे असेल तर सांप्रत हा एक मार्ग उरला आहे. मुलीच्या स्वतःच्या जन्मसिद्ध वाट्याला मात्र बापाच्या मृत्युपत्राचा स्पर्श होत नाही.

राहता राहिले हक्कसोडपत्र. सज्ञान स्त्रीने समजून-उमजून आपला हिस्सा भावाला सोडला तर कायदा तिला अडवीत नाही, अडवूही नये. भावाच्या डोक्यावरचे छप्पर वाचावे म्हणून सही करणाऱ्या बहिणी आहेत आणि तो त्यांचा अधिकार आहे. परंतु स्थावर मिळकतीचा हक्क सोडणारा कागद नोंदलेला असावा लागतो. साध्या कागदावरील संमतीने किंवा तलाठ्यापुढील जबाबाने मालकी जात नाही, आणि फेरफारावर नाव नसले म्हणून हक्क नाहीसा होत नाही. कागदात एका वाड्याचाच उल्लेख आहे की ‘यावत् सर्व मिळकत’ असे शब्द आहेत, हे आधी वाचावे. हक्क सर्व भावांच्या नावे सोडला की एकाच्या, यानेही पुढे फरक पडतो. मोबदल्याचे चार शब्द लिहिले असतील तर ती रक्कम खरोखर हाती आली आहे काय, हे सहीपूर्वी पाहावे. नंतर ती मिळाली नाही असे सिद्ध करणे फार जड जाते. फसवून किंवा दडपणाने सही घेतली असेल, तर ती हकीकत प्रथम कळल्यापासून तीन वर्षांच्या आत कागद रद्द करून मागता येतो. वाडा पाडून तेथे सदनिका उभारावयाच्या असतात तेव्हा सगळ्या वारसांच्या सह्या हव्या असे बांधणारा सांगतो, आणि पन्नास वर्षे न आठवलेल्या आत्या व त्यांची मुले हुडकावी लागतात. अशा वेळी कागद घाईने पुढे येतो. तो घरी नेऊन, चार दिवस ठेवून, स्वतःच्या माणसाला दाखवून मग सही करावयास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.