नियोजित वर आणि थंड कॉफी

विवाह वडिलांनीं ठरवावा कीं मुलांनीं, हा वाद सुशिक्षित घरांतून जुनाच आहे. संध्या मेनन यांच्या २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘व्हेन डिंपल मेट ऋषी’ या इंग्रजी कादंबरींत तो अमेरिकेंतील भारतीय कुटुंबांत हसतखेळत रंगला आहे.

डिंपल शहा ही संगणकविद्येच्या उन्हाळी वर्गासाठीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें येते. भोंवतीं निरनिराळ्या वंशांचे तरुण सोबती. मनांत एकच ध्यास, वडिलांसारख्या मधुमेही रोग्यांस औषधाची आठवण देणारें अ‍ॅप रचण्याचा. ऋषी पटेलही तेथेंच येतो, पण वडीलधाऱ्यांनीं योजिलेली वधू पाहावयास! या बेताची तिला वार्ताही नसते. त्यानें भावी पत्नी म्हणून संबोधतांच ती हातांतील थंड कॉफी त्याच्यावर फेंकते.

पुढील कथा सांगून वाचकांचा आनंद हिरावणें बरें नव्हे. परंपरेचा अभिमानी ऋषी येथें हास्यास्पद होत नाहीं, आणि विद्येस प्रथम स्थान देणारी डिंपल उद्धट ठरत नाहीं, हें लेखिकेचें खरें यश. आज्ञाधारक ऋषीही चित्रकथा काढण्याचें आपलें वेड पित्याच्या इच्छेखातर दडपीत असतो. म्हणून हें पुस्तक मुलांच्या हातीं देण्यापूर्वीं आईबापांनीं स्वतः वाचावें. हसूं तर येईलच. पण मुलांस काय विचारावयाचें राहून गेलें, तेंही ध्यानांत येईल.